न छाटलेली तुती

क्षणभर असं समजा, की तुम्ही एका जागी उभे आहात आणि तुम्हाला हलता येत नाही. ऊन आलं तरी सावलीत जायचं नाही, वारा सुटला तरी पाठ फिरवायची नाही. तुमच्या अंगभर बारीक बारीक तोंडं आहेत, इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती उघडल्याशिवाय तुमच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. आणि ती उघडली की प्रत्येक तोंडातून थोडं थोडं पाणी उडून जातं. जाऊ दे, काही बिघडत नाही. तुमच्या पायांना बारीक नळ्या आहेत, मोजता येणार नाहीत इतक्या, आणि त्या खालून तेवढंच पाणी आणून देतायत. चाललंय बरं.

आता समजा, एका सकाळी कुणीतरी आलं आणि त्यातल्या बहुतेक नळ्या तोडून टाकल्या. तोंडं मात्र सगळीच्या सगळी ठेवली.

पुढे काय होईल ते मला लगेच सांगू नका. मनात ठेवा. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिलाही ते लगेच कळलं नव्हतं. आणि कळलं तेव्हा तिला जो राग आला, तो लाडाचा राग नव्हता. खरा होता.

घरात तिला सगळे ठिणगी म्हणत. का म्हणत, ते तिच्याशी दोन मिनिटं बोललेल्या कुणालाही सांगावं लागत नसे. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. पोळी जळली तरी, वेणी घट्ट झाली तरी, कुणी "काय गं, एवढी का चिडतेस?" असं विचारलं तर विचारूच नका. पण तिच्या आईने त्यावर एक उपाय शोधून काढला होता. ठिणगी पाय आपटायला लागली की आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "आधी तुतीवर जाऊन ये. मग बोलू."

तुती मागच्या अंगणात होती. बुंधा एवढा जाड, की ठिणगीच्या दोन्ही हातांची बोटं पलीकडे जेमतेम एकमेकांना भेटायची. वर एक फांदी आडवी गेली होती, तिच्यावर ठिणगी बसायची. भर दुपारी शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्येही सावली असे, पण ती भाजकी सावली. तुतीखालची वेगळी. तिथे बसलं की कपाळावरचे केस हळूच हलायचे आणि मानेला गार वाटायचं. थोड्या वेळाने ठिणगी खाली उतरायची तेव्हा तिला भांडण कशावरून सुरू झालं होतं, तेच आठवत नसे.

तिच्या घरचा धंदा झाडं हलवण्याचा. रस्ता रुंद करायचा असला, नवी इमारत उभी करायची असली आणि मध्ये झाड येत असलं, की लोक ठिणगीच्या आत्याला फोन करत. आत्या बाबापेक्षा मोठी, आवाजाने तर फारच मोठी. ती झाडाभोवती फेरी मारायची, बुंध्यावर थाप द्यायची आणि सांगून टाकायची, "हे येईल," किंवा "हे नाही यायचं." बाबा खणायचा आणि ट्रक चालवायचा. आई मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला गोणपाट गुंडाळून दाभणाने घट्ट शिवायची, म्हणजे वाटेत माती सुटत नाही. शिवताना ती दाभण ओठांत धरायची आणि तशीच बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कुणाला कळत नसे.

हे सगळं काम चालायचं ठिणगी शाळेत असताना. संध्याकाळी ती दारात यायची तेव्हा ट्रकवर एखादं झाड आडवं चढलेलं असायचं. बोडकं. जवळजवळ एकही पान नसलेलं. आणि ठिणगीने मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली होती: ही झाडं लोकांनी छळलेली आहेत. त्यांची पानं ओरबाडून घेतली आहेत, आणि आपल्या घरचे त्यांना सोडवून आणतायत. हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. मैत्रिणींना मात्र छाती फुगवून सांगितलं होतं.

मग घर बदलायची वेळ आली. घर भाड्याचं होतं आणि मालकाला तिथे गोदाम बांधायचं होतं. गाव तेच, पण दुसरं टोक. लोक घर बदलताना कपाट नेतात, पलंग नेतात. "आपण तुती नेऊ," बाबा म्हणाला, आणि ठिणगीने आनंदाने त्याला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा खाली पडला.

जायच्या आदल्या दिवशी ती शाळेतून परत आली. शाळाही बदलणार होती, मैत्रिणीशी रडून झालं होतं, डोळे सुजले होते. ती सरळ मागच्या अंगणात गेली. तुतीला शिडी लावलेली होती. शिडीवर आत्या होती. आत्याच्या हातात छाटणीची मोठी कात्री होती, एक अख्खी फांदी बोडकी झाली होती आणि खाली पानांचा ढीग पडला होता.

"आत्या! काय करतेस तू?"

"भांडी घासतेय. दिसत नाही?"

"खाली उतर!"

"उतरते की. झालं की उतरते. दप्तर ठेव, हातपाय धू."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे छळणारे लोक नव्हतेच! ती सगळी बोडकी झाडं आपल्याच घरच्यांनी केली होती. तिने दप्तर जमिनीवर आपटलं आणि शिडी धरून गदागदा हलवली.

"ए ए ए! पाडतेस का मला? म्हातारपणी हाडं मोडून घेऊ?"

"मोडू देत! तू तिची पानं का तोडतेस? तिने काय केलंय तुझं?"

"अगं बये, तिच्या भल्यासाठीच..."

"मला नको तिचं भलं! घर गेलं, शाळा गेली, आता हिची पानंपण घे! दुसऱ्यांच्या झाडांना कर काय करायचं ते. माझ्या तुतीला हात लावायचा नाही!"

तिने बुंध्याला मिठी मारली, गाल सालीवर दाबला आणि जी रडायला लागली ती थांबेना. नुसतं रडणं नव्हतं ते. आकाशपाताळ एक करणं होतं. पुढच्या खोलीतून आई आली, तोंडात दाभण, आणि म्हणाली, "उं उं उं उं?" कुणालाच कळलं नाही. ट्रकखालून बाबा आला, हात ग्रीसने काळे.

"काय झालं?"

"तुझ्या लेकीला विचार," आत्या शिडीवरून म्हणाली. "मी झाड खाऊन टाकतेय असं वाटतंय तिला."

बाबा ठिणगीजवळ उकिडवा बसला. तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला, हात काळा आहे हे आठवून मागे घेतला. ती हुंदके देत होती, तिचे खांदे उडत होते. बाबाचा चेहरा उतरत गेला. गेले काही दिवस ती रोजच रडत होती आणि प्रत्येक वेळी त्याला 'काही इलाज नाही, बाळा' एवढंच म्हणता आलं होतं. घराला इलाज नव्हता. शाळेला नव्हता. या एका गोष्टीला होता, निदान त्याला तसं वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "राहू दे."

"काय राहू दे?"

"पानं. तशीच नेऊ."

आत्या शिडीवर बसूनच वळली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? गिऱ्हाइकाच्या झाडाला असं केलं असतंस?"

बाबा हातावरचं ग्रीस पँटीला पुसायला लागला.

"मी काय विचारतेय?"

"ती रडतेय गं."

"रडेल आणि गप्प होईल! झाडाला रडता येत नाही, म्हणून त्याचं कुणी ऐकायचंच नाही?" आत्या खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती ठिणगीकडे वळली आणि जे शांतपणे सांगायला हवं होतं ते ओरडून म्हणाली, "पानं पाणी पितात, कळलं? पितात पाणी! आता तूच पाज त्यांना!" कात्री खोक्यात फेकून ती निघून गेली. फाटकाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

मला विचाराल तर, त्या अंगणात त्या वेळी तीन माणसं चुकली. एक ओरडलं, एक रडलं आणि एकाने माहीत असून मान डोलावली. तिघांतलं सगळ्यात मोठं चुकणं कुणाचं, ते तुम्ही ठरवा.

दुसऱ्या दिवशी बाबाने तुतीभोवती गोल चर खणला. मुळं लांबवर गेलेली असतात, आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी लांब, आणि पाणी ओढणारी केसासारखी मुळं तर टोकांनाच असतात. ती सगळी चराच्या बाहेर, जुन्या मातीत राहून गेली. बुंध्याभोवतीचा एक गोळा तेवढा सुटून आला. आईने तो शिवला. साखळ्या करकरल्या, झाड हळूहळू आडवं झालं, आणि पानांनी लदलेली तुती ट्रकवर चढली. अशी हिरवीगार तुती ट्रकवर बघून रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. ठिणगी पुढे बाबाच्या शेजारी ऐटीत बसली होती. मागच्या काचेतून तिला पानं वाऱ्यावर सारखी फडफडताना दिसत होती. तिला वाटलं, टाळ्या वाजवतायत.

बाबाला आरशात तेच दिसत होतं. त्याने ट्रक हळू केला. मग आणखी हळू केला. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले.

"बाबा, झोप आली का तुला?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

नव्या घराचं अंगण लहान होतं आणि एका बाजूला उंच पांढरी भिंत होती. दुपारी ऊन भिंतीवर आपटून परत अंगणात यायचं. तुती तिथे लावली. संध्याकाळपर्यंत तिची पानं जरा मलूल झाली. "दमलीय," आई म्हणाली. रात्री ती जरा सावरली. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसं प्रत्येक पान देठापासून खाली वाकलं, ओल्या फडक्यासारखं लोंबायला लागलं. ठिणगीने बादली भरली. तिला आत्याचं वाक्य पाठ होतं: पानं पाणी पितात. प्या मग! तिने बादलीमागून बादली ओतली. पुढचा दिवस गेला, त्याच्या पुढचा गेला. ठिणगी शाळेत जाण्याआधी ओतायची, आल्यावर ओतायची. झाडाखाली चिखल झाला, चिखलाचं डबकं झालं. तिची चप्पल त्यात रुतून बसली ती निघेना. आणि वर पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या.

"पी ना!" ठिणगी झाडावर ओरडली. "एवढं पाणी आहे, पीत का नाहीस? नाटकी कुठली!"

"वा," फाटकातून आवाज आला. "दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला."

आत्या आली होती. तिने डबकं बघितलं, पानं बघितली, आणि मग बाबाकडे बघितलं. बाबा दारात उभा होता. त्याने नजर चुकवली.

"फावडं आण," आत्या ठिणगीला म्हणाली. "आधी हे डबकं काढू. आहेत ती मुळंही बुडून सडतील. त्यांनाही हवा लागते."

"तूच म्हणालीस पानं पाणी पितात!"

"म्हणाले. रागात अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं आता सांगते, ऐकायचं असलं तर."

"नाही ऐकायचं."

"मग नको ऐकू. फावडं आण."

दोघींनी मिळून पाणी बाहेर काढलं. ठिणगी प्रत्येक फावड्याला मुद्दाम चिखल उडवत होती. आत्याच्या साडीवर शिंतोडे उडाले, आत्या काही बोलली नाही, त्यामुळे ठिणगी आणखी चिडली. काम झाल्यावर आत्याने घरातून एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणली, तुतीच्या एका डहाळीवर घातली आणि तोंड सुतळीने बांधून टाकलं.

"हे कशाला?"

"तुला ऐकायचं नाही ना? बघायचं असलं तर बघ."

आत्या आत जाऊन चहा प्यायला बसली. ठिणगी पिशवीसमोर बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पिशवी आतून धुरकट झाली. मग धुक्याचे बारीक ठिपके झाले, दोन ठिपके मिळून एक थेंब झाला, आणि तो घरंगळत पिशवीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच्यामागून दुसरा.

ठिणगी धावत आत गेली. "आत्या! पिशवीत पाणी आलं! मी पिशवीत नव्हतं ओतलं!"

"मग कुणी ओतलं?"

ठिणगीने वळून पिशवीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पानांनी?"

"पानांनी. सगळी झाडं तेच करतात, दिवसभर. आपल्याला दिसत नाही, कारण पिशवी नसते, वारा घेऊन जातो. मोठ्या झाडातून दिवसाला बादल्याच्या बादल्या अशा उडून जातात. त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात, पुढे शाळेत येईल तुला, परीक्षेला."

"पण ही तर तहानेने मरतेय! आणि मरता मरता पाणी सोडतेय? मूर्ख आहे का ही?"

आत्याने कप खाली ठेवला. पहिल्यांदाच तिच्या आवाजातली धार गेली. "हा प्रश्न चांगला विचारलास. मूर्ख नाही. अडकलीय. हे बघ, झाड जेवतं कशाने? उन्हाने आणि हवेने. हवा आत घ्यायची तर पानाच्या खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात, ती उघडावी लागतात. तोंड उघडलं की हवा आत येते, आणि पाणी बाहेर जातं. एक करायचं आणि दुसरं नाही, असं जमत नाही."

"मग बंद करायची तोंडं."

"केलीयत तिने दुपारी जमेल तेवढी. म्हणून तर जेवण बंद आहे. तू तोंड बंद ठेवून किती दिवस काढशील?"

"ती एक तास नाही काढणार," आई आतून म्हणाली. आज तिच्या तोंडात दाभण नव्हतं.

एरवी ठिणगी यावर फणकारली असती. आता तिने ते ऐकलंही नाही. "पण मी पाणी दिलं ना एवढं? ते वर का नाही गेलं?"

"कोण नेणार? झाडाच्या पोटात काही पंप नसतो. वरच्या पानातून पाणी उडतं ना, ते जाताना मागच्या पाण्याला ओढतं, ते त्याच्या मागच्याला, अशी खाली मुळापर्यंत एक लांबच लांब दोरी असते पाण्याची. पान उन्हात बसून ती दोरी ओढत असतं. त्याच पाण्यातून मातीतले क्षार वर जातात. आणि पाणी उडालं की गार होतं, आपला घाम वाळला की होतं तसं. तुझ्या त्या फांदीवर बसल्यावर मानेला गार वाटायचं, ते नुसत्या सावलीने नाही. पानं पाणी सोडत होती म्हणून."

"म्हणजे सोडणं चांगलंय?"

"चांगलंच आहे. त्याच्याशिवाय झाड नाही. पण खाली दोरीला पाणी बांधून देणारी मुळं हवीत. ती बहुतेक सगळी जुन्या अंगणात राहिली. वर ओढणारी पानं मात्र पूर्वीएवढीच. त्यात ट्रकवरचा वारा. ओले कपडे वाऱ्यावर पटकन वाळतात की नाही? तशी वाळत आली ती वाटभर. मुळं फुटेपर्यंत पानं कमी करायची, म्हणजे जेवढं येतं तेवढंच जाईल. एवढंच करत होते मी त्या शिडीवर."

ठिणगी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. ती वळली, पण आत्याकडे नाही. दारातल्या बाबाकडे.

"तुला हे माहीत होतं?"

बाबाने मान डोलावली.

"त्या दिवशी माहीत होतं? ट्रकमध्ये माहीत होतं?"

"हो."

"मग तू 'राहू दे' का म्हणालास?"

"तू रडत होतीस, बाळा."

"रडू दे की मग!" ठिणगी किंचाळली. "मी तर रोजच रडते! मला माहीत नव्हतं, मी लहान आहे! तुला माहीत होतं ना? मग तू माझं का ऐकलंस?"

बाबा दाराच्या चौकटीला टेकला.

"मी उद्या म्हणाले की विहिरीत उडी मारते, आणि रडले, तर म्हणशील राहू दे, मारू दे उडी?"

"ठिणगी, तसं नसतं गं. मला वाटलं, तुझं एवढं सगळं गेलंय, एक तरी..."

"तू मला नाही दिलंस काही! तू तुला बरं वाटावं म्हणून केलंस! मी गप्प झाले म्हणून तुला बरं वाटलं! आणि ती..." तिने हात तुतीकडे केला.

"हळू बोल जरा, बापाशी बोलतेयस," आई म्हणाली.

"नको, बोलू दे तिला," बाबा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "बरोबर बोलतेय ती." तो पायरीवर बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणून तिथे उभं राहायला पाहिजे होतं, तुझं रडणं ऐकत. ते नाही झालं माझ्याने."

ठिणगीला वाटलं होतं, तो नेहमीसारखं काहीतरी गोड बोलेल आणि मग तिला आणखी ओरडता येईल. तो तसं बोलला नाही. तिचा राग होता तिथेच राहिला, पण आता तो कुठे फेकायचा ते तिला कळेना. ती अंगणात उतरली आणि तिने पायानेच एक ढेकूळ भिरकावलं. ते भिंतीवर जाऊन फुटलं.

"ती मरणार का?" तिने आत बसलेल्या आत्याला विचारलं.

"खोटं सांगू की खरं?"

"खरं."

"माहीत नाही. तुती चिवट असते. पहिल्याच दिवशी केलं असतं तर मी पैज लावली असती. आता उशीर झालाय. पण साल खरवडून बघितली मी मघाशी, आत अजून हिरवी आहे. अजूनही पानं उतरवली आणि या भिंतीच्या बाजूला गोणपाट लावून सावली केली, तर जगेलही. नाही जगली तर नाही."

"मग उतरव ना! बसलीयस काय?"

आत्याने हाताची घडी घातली. "मी उतरवायला गेले होते. शिडी कुणी हलवली?"

"ताई," बाबा कळवळून म्हणाला, "ती पोर आहे. तिच्याशी काय बरोबरी करतेस?"

"बरोबरी नाही करत. माझे गुडघे सुजलेत, त्या शिडीपासून. आणि तिला विचारल्याशिवाय मी त्या झाडाला परत हात लावणार नाही. झाड तिचं आहे."

बाबा उठला, सामानाच्या खोक्यातून कात्री काढली. "मी करतो."

"तू नको," ठिणगी म्हणाली.

"अगं, जड आहे ती..."

"तू नको. मी रडले की तू थांबतोस."

तिने त्याच्या हातातून कात्री घेतली. खरंच जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागली. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, ओल्या मातीत त्याचे पाय रुतू नयेत म्हणून खाली फळी टाकली आणि वर चढली. नव्याने लावलेल्या झाडावर बसायचं नाही, मुळं हलतात, हे तिला आता कुणी सांगावं लागलं नाही.

"पानाला मध्येच कापू नकोस," आत्या खालून म्हणाली. "देठाचा तुकडा ठेव. देठाच्या बगलेत बघ, एक टोकदार बारीक डोळा दिसतो. दिसला? त्याला धक्का लावायचा नाही. पुढचं पान तिथूनच येतं."

"दिसला."

"हं. शेंड्याकडची अगदी कोवळी दोन-चार राहू देत. बाकीची सगळी."

पहिलं पान कापताना कात्री नीट मिटलीच नाही, देठ चिरडल्यासारखा झाला. दुसऱ्याला जमलं. पानं खाली पडताना आवाज होत होता, कोरड्या कागदासारखा. काही अजून हिरवी होती, मऊ होती, त्यांच्यावरच्या शिरा तिला ओळखीच्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या पानाला ठिणगी रडायला लागली. आधी नुसतं नाक वाजलं, मग हुंदका आला, मग तेच त्या दिवशीसारखं, खांदे उडवणारं रडणं. डोळ्यांतल्या पाण्याने डोळा दिसेना, तेव्हा ती थांबायची, बाहीने डोळे पुसायची, देठाची बगल नीट बघायची आणि मग कापायची.

बाबा खाली उभा होता. त्याने स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. एक फांदी झाली, दुसरी झाली. पानं त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर पडत होती. शेवटी त्याला राहवेना.

"पुरे आता, बाळा. थोडी राहू दे. या बाजूची तर किती चांगली आहेत."

ठिणगीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने आत्याकडे बघितलं. आत्याने मान आडवी हलवली.

ठिणगी खाली उतरली, नाक पुसलं, स्टूल आणि फळी ओढत झाडाच्या दुसऱ्या बाजूला नेली, वर चढली आणि सगळ्यात हिरव्या फांदीवरचं पहिलं पान कापलं.